चौदा नंबरची जर्सी

क्लबातून कोणाचा पत्ता कटणार हे सगळ्यात आधी कोचला कळतं, असा लोकांचा समज आहे. साफ चुकीचा. कोचच्याही आधी ते किट रूममधल्या इनायत परकारला कळतं, कारण नवीन नाव छापायला शेवटी कोणीतरी लागतंच.

सोमवारी दुपारनंतरची, असरची नमाज उरकून इनायत मशीनमधून मोजे काढत होता, तेव्हा टीम मॅनेजर महमूदचा मेसेज आला. ‘चौदा नंबर. नाव वेंडेल. तीन जर्सी, दोन पांढऱ्या, एक हिरवी. बुधवारपर्यंत. कोणाला दाखवू नकोस.’ आणि खाली एक हसरा चेहरा. मेसेज वाचून इनायतला वाईट वाटलं असतं, पण तो हसरा चेहरा बघितला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौदा नंबर ल्युबिशाचा होता. आणि ल्युबिशाला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी बाहेर मैदानावर गोलकीपरला डावीकडून येणारे बॉल कसे अडवायचे ते शिकवत होता.

इनायत मूळचा दाभोळचा. दापोलीत एका टेलरकडे हात बसला, मग दोह्यात कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनला लागला. अल नखला क्लबचे नंबर शिवायला म्हणून एकदा गेला तो तिथलाच झाला. एकोणीस वर्षं. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा, दोह्याच्या उत्तरेला, दोन मैदानं आणि एक गळकं कॅन्टीन एवढीच त्याची दौलत. आता नंबर शिवायचे नसतात, गरम प्रेसखाली चिकटवायचे असतात. जुनं नाव काढायचं तर अक्षरं तापवून नखाने सोलायची. या नखांनी त्याने किती नावं सोलली असतील त्याची गणती नव्हती. मोरोक्कोचा एक, घानाचे दोन, एक पोरगेला इराकी. प्रत्येक वेळी त्याला दोन-तीन दिवस आधी माहीत असायचं, आणि प्रत्येक वेळी तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. याचा त्याला अभिमानही होता. इनायतच्या पोटातली गोष्ट इनायतच्या पोटातच राहते, असं महमूद चारचौघांत सांगायचा, आणि इनायत खाली बघून हसायचा.

कसला अभिमान! पण ते त्याला त्या सोमवारी पहिल्यांदा कळलं.

ल्युबिशा आला होता दीड वर्षापूर्वी. सर्बियात आरिल्ये म्हणून एक गाव आहे, डोंगरउतारावर सगळे रासबेरीचे मळे. बाप कोल्ड स्टोरेजचा ट्रक चालवायचा. सतराव्या वर्षी पोरगा गावच्या क्लबात लागला, तेव्हा थोरल्या खेळाडूंचे बूट धुणं हे त्याचं पहिलं काम. विसाव्या वर्षी बेलग्रेडच्या एका मोठ्या क्लबाने उचलला. आठ महिन्यांत चार वेळा मैदानात उतरवला, तोही शेवटची पाच मिनिटं उरली की. एकदा देशाच्या एकवीस वर्षांखालच्या संघात बोलावणं आलं, दोन दिवस बाकावर बसवला आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवला. तिथून जी भटकंती सुरू झाली ती झालीच. बोस्नियात एक हंगाम. हंगेरीतला क्लब त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. कझाकस्तानात उणे पंधरात सराव, हेडर मारला की कपाळ बधिर. सायप्रसला नवा अध्यक्ष आला आणि एका रविवारी सगळ्या परदेशी खेळाडूंना पार्किंगमध्ये उभं करून ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं. मलेशियात गुडघा गेला, परत सर्बियात येऊन तो बरा केला, मग ओमान, मग इथे. मधले लहानसहान धरून अल नखला हा तेरावा क्लब.

हे सगळं इनायतने पेपरात वाचलेलं नव्हतं. ल्युबिशाबद्दल पेपरात छापून येण्यासारखं काही नव्हतंच. तो स्टॉपर, बचावफळीतला. गोल करणाऱ्याचं पोस्टर लागतं, गोल अडवणाऱ्याचं नाव ॲनाउन्सर पण नीट घेत नाही. पण सरावाच्या तासभर आधी तो किट रूममध्ये यायचा, इनायतच्या शेगडीवर लांब दांड्याच्या भांड्यात काळी कॉफी उकळायचा आणि बोलत बसायचा. इंग्रजी, थोडी अरबी आणि खूपसे हातवारे. इनायतला तो ‘मायस्तोर’ म्हणायचा. त्यांच्याकडे हातात कसब असलेल्या माणसाला असंच म्हणतात म्हणे. एकोणीस वर्षांत बाकी सगळ्यांनी इनायतला ‘ए इनायत, मोजे’ एवढंच म्हटलं होतं.

बरं, नुसतं एवढंच असतं तरी इनायतने एखादा सुस्कारा टाकला असता आणि प्रेस तापवायला घेतला असता. खरं दुखणं डिसेंबरातलं होतं.

डिसेंबरात ल्युबिशाला गावाहून फोन आला. गावचा क्लब कित्येक वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये चढला होता. अध्यक्ष म्हणत होता, ये, शेवटचा हंगाम इथे खेळ, मग इथल्याच पोरांचा कोच हो. म्हाताऱ्या बापाने पोराला पोटापाण्यासाठी खेळताना कधी बघितलं नव्हतं. तो कायम ट्रकवर आणि पोरगा कायम परदेशी. आता बाप निवृत्त होऊन घरी बसला होता आणि मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर. ल्युबिशाला जायचं होतं, त्याच्या चेहऱ्यावरच ते लिहिलेलं होतं. पण तो सरळ माणूस. पळून जाणं त्याला जमेना. त्याने महमूदला किट रूममध्येच गाठलं आणि विचारलं, “मे महिन्यापर्यंत मी तुमच्या हिशेबात आहे का? नसलो तर आत्ताच सांग, मी घरी जातो.”

महमूदने छातीवर हात ठेवला. “वल्ला, मेपर्यंत तू माझा माणूस. तुझ्याशिवाय आपण वर चढणार कसे? माझा शब्द. विचार या इनायतला, मी कधी शब्द मोडलाय?”

दोघांनी इनायतकडे बघितलं. आणि इनायतने मान हलवली.

का हलवली? काही माहीत नव्हतं त्याला तेव्हा. साहेबाने विचारलं, मान हलली. एकोणीस वर्षांत मानेला तेवढं एकच वळण लागलं होतं. ल्युबिशाने त्या मानेवर भरवसा ठेवला आणि गावाला नकार कळवला. तरी अध्यक्ष चिवट निघाला. जागा राखून ठेवतो म्हणाला, मन बदललं तर कळव.

आता तीच मान दुखायला लागली होती. इनायतने मोबाइल खिशात टाकला आणि तरातरा फिजिओच्या खोलीकडे गेला.

फिजिओ रंगनाथ बोरस्ते नाशिकचा. क्लबात मराठी बोलणारा इनायतखेरीज तो एकटाच. सकाळचा चहा दोघांचा एकत्र. तो कोणाच्या तरी मांडीला पट्टी बांधत होता. तो खेळाडू जाईपर्यंत इनायत दारात उभा राहिला.

“चौदा नंबर जातोय,” इनायत म्हणाला.

“माहितेय.” रंगनाथने मान वर केली नाही. “नवीन माणूस ब्राझीलचा आहे. मुशैरिबच्या हॉटेलात उतरलाय. उद्या सकाळी मीच त्याला मेडिकलला घेऊन जाणार आहे.”

“आणि ल्युबिशाला कोण सांगणार?”

“मी कशाला सांगू? महमूद सांगेल शुक्रवारी.”

“शुक्रवारी सांगून काय उपयोग? गुरुवारी खेळाडू बदलायची विंडो बंद होते!”

हे दोघांनाही पाठ होतं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. नवीन घ्यायचा तर जुन्याचं नाव यादीतून काढावं लागतं. ते गुरुवारच्या आत करायचं. त्याच्या आत माणसाला सोडचिठ्ठी दिली तर तो मोकळा, कुठेही जाऊन खेळू शकतो. नाव काढलं आणि चिठ्ठी दिली नाही, तर तो उन्हाळ्यापर्यंत इथेच बांधलेला. मैदानाच्या कडेने एकट्याने धावायचं, मॅच स्टँडमध्ये बसून बघायची. पंचविशीतल्या पोराचं त्याने काही बिघडत नाही. छत्तिसाव्या वर्षी सहा महिने घरी बसलेल्या स्टॉपरला मात्र नंतर कोणी विचारत नाही.

“मग आजच चिठ्ठी का नाही देत?” इनायतने विचारलं. “उत्तर मला ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“मेडिकलमध्ये ब्राझीलवाला अडकला तर ल्युबिशा लागेल ना.”

“म्हणजे स्टेपनी. डिकीत टाकून ठेवायची.”

“इनायतभाई, तुम्ही उगाच तापताय. प्रोसेस असते ही. सगळीकडे असंच चालतं. आपण इथे कामाला आलोय, कोणाची वकिली करायला नाही.”

“प्रोसेस गेली खड्ड्यात! त्या माणसाचा गुडघा तू वर्षभर चोळलास, रंगनाथ. त्याच्या आईने पाठवलेला जाम तुझ्या घरी गेला. आणि आता प्रोसेस?”

रंगनाथने दार लोटलं. “हळू बोला. माझी दोन पोरं शाळेत आहेत इथे. तुमची पण आहे. शांतपणे जर्सी छापा आणि घरी जा.”

आणि इनायतने काय केलं? शांतपणे जर्सी छापल्या. तीन. प्रेस तापला, अक्षरं बसली, कडा नखाने दाबून बघितल्या. कामात खोट काढायला जागा नव्हती. कपाटात टॉवेलांच्या थप्पीखाली त्या सरकवल्या आणि तो स्वतःवर चरफडत गाडीत बसला.

उम्म सलाल मोहम्मद नावाच्या वस्तीत त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट किराणा दुकानाच्या वर. मुनीरा भाकऱ्या थापत होती. नवऱ्याने चपला कशा काढल्या ते बघूनच तिने ओळखलं.

“काय झाला ओ?”

त्याने सांगितलं. डिसेंबरातली मानेची गोष्ट त्याने आजवर तिला सांगितली नव्हती, तीही सांगितली. मुनीराने तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला.

“तुमी मान हलवलीव का नाय?”

“हलवली.”

“मग आता जीब हलवा.”

“नोकरी गेली म्हंजे? अलिनाची दहावी हाय यंदा.”

“माज्या पोरीची दहावी दुसऱ्याच्या पोराला फसवून नको मना.” मुनीराचा आवाज चढला. “त्याचा बाप बसलाय तितं वाट बघीत. तुमच्या अब्बांनी तुमची वाट बघितली नाय का दाभोळला? जनाजा झाल्यावर पोचलाव तुमी. इसरलाव?”

इनायत विसरला नव्हता. म्हणूनच तर त्याला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

कोपऱ्यात अभ्यासाला बसलेल्या अलिनाने हेडफोन काढला. “बाबा, जस्ट टेक्स्ट हिम ना. वन लाइन.”

“लिवलेला पुरावा होतो, बेटा. उद्या कोणी मोबाइल दाखवला तर?”

“सो यू आर स्केअर्ड,” ती म्हणाली. तिने हेडफोन परत कानात घातला.

पंधरा वर्षांच्या पोरीने दोन शब्दांत बापाचं माप काढलं. इनायत त्या रात्री जेवला, पण घास कुठे गेला ते त्याला कळलं नाही. उद्या सांगायचंच, असं ठरवून तो झोपला.

मंगळवारी ल्युबिशा नेहमीसारखा आला. शेगडीवर कॉफी चढवली. आज तो भलताच खुशीत होता. मागच्या मॅचला त्याने दोन नक्की गोल अडवले होते, आणि कधी नव्हे ते एका स्थानिक पोराने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला होता. तो फोटो त्याने बापाला पाठवला होता. बापाने उलट विचारलं होतं, हा शेजारचा मोठा खेळाडू कोण? हे सांगून ल्युबिशा इतका हसला की कॉफी सांडली.

त्याने सांडलेली कॉफी पुसली आणि सहज विचारलं, “मायस्तोर, तुझ्या खोलीत काय खबर?”

तेरा क्लब फिरलेला माणूस. त्याला ठाऊक होतं की खबर मॅनेजरच्या खोलीत नसते, किट रूममध्ये असते. तो प्रश्न सहज नव्हताच. इनायतने तोंड उघडलं. टॉवेलांची थप्पी त्याच्या कोपरापासून वीतभर लांब होती. त्याच क्षणी दाराबाहेरून महमूदचा आवाज आला, तो कोणावर तरी खेकसत होता. ‘यल्ला, यल्ला!’ तो आत आला नाही. पुढे निघून गेला. पण इनायतच्या घशात आलेला शब्द खाली गेला तो गेलाच.

“सगळं ठीक,” तो म्हणाला. “इन्शाल्ला.”

खुदाचं नाव घेऊन खोटं! त्या दिवशी नंतर नमाज पढताना त्याला स्वतःची इतकी चीड आली की सजद्यातून कपाळ उचलवेना. ल्युबिशा कप धुऊन बाहेर गेला, पार्किंगच्या सावलीत उभा राहून कोणाशी तरी बराच वेळ फोनवर बोलला, मग बूट बांधून मैदानात पळाला. इनायत खिडकीतून बघत होता. बुधवार आहे अजून, असं तो मनाला बजावत होता. एक अख्खा दिवस आहे.

बुधवारी दुपारी रंगनाथने चहा घेताना खाली मान घालून सांगितलं, “मेडिकल पास.” मग कप खाली ठेवत, “आज प्रॅक्टिस मॅच बघायला येतोय तो. महमूद त्याला स्टँडमध्ये बसवणार आहे. ल्युबिशाला पाहुणा म्हणून सांगणार.”

पाहुणा! ज्याची जागा जाणार त्याच्याकडूनच पाहुण्याला सलाम करून घेणार. इनायतने अर्धा चहा बेसिनमध्ये ओतला.

तोंडाने सांगणं आपल्याला जमत नाही, हे त्याला कालच कळून चुकलं होतं. शिंप्याची जात. हातानेच बोलणार. मॅचच्या आधी प्रत्येकाच्या खुंटीला प्रत्येकाची जर्सी लावणं हे त्याचं काम. एकोणीस वर्षांत एकही जर्सी चुकीच्या खुंटीला लागली नव्हती. त्याने टॉवेलांखालची पांढरी जर्सी काढली, झटकली, आणि चौदा नंबरच्या खुंटीला नाव बाहेरच्या बाजूला करून लावली. सुरकुती नव्हती तरी हाताने एकदा सारखी केली.

पोरं गप्पा मारत आत आली. कोणीतरी गाणं लावलं होतं. एकेकाची नजर त्या खुंटीकडे गेली तसतशी खोली गप्प होत गेली. गाणं तेवढं वाजत राहिलं, मग तेही कोणीतरी बंद केलं. ल्युबिशा शेवटी आला. खुंटीसमोर उभा राहिला. नाव वाचलं. पाठमोराच होता, त्यामुळे त्याचा चेहरा कोणाला दिसला नाही.

मग त्याने अंगातला टी-शर्ट काढला आणि ती जर्सी घातली. वेंडेल, चौदा. जर्सी खांद्यांत जरा घट्ट होत होती. बूट बांधले. सरळ मैदानात गेला.

असा खेळ त्या मैदानाने बघितला नव्हता. प्रॅक्टिस मॅच, समोर आपलेच पोरगे, पण ल्युबिशा प्रत्येक बॉलवर जिवाच्या करारावर तुटून पडत होता. स्टँडमध्ये महमूद, क्लबाचे दोन अधिकारी आणि पांढऱ्या टोपीतला तो ब्राझीलचा बावीस वर्षांचा पोरगा. पोरगा पहिल्यांदा हसला, मग त्याला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. आपलं नाव दुसऱ्याच्या पाठीवर धावतंय, घामाने भिजतंय, हे बघून तो बिचारा कावराबावरा झाला. महमूदचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. अधिकारी त्याला काहीतरी विचारत होते आणि तो हात हलवत होता. इनायत पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटजवळ उभा राहून सगळं डोळे भरून बघत होता. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

हाफ टाइम झाला तसा ल्युबिशा बाकाकडे गेलाच नाही. बूट न काढता, मातीचे ठसे उमटवत, तो जिना चढून ऑफिसात गेला आणि टेबलासमोर उभा राहिला. सोडचिठ्ठी लिहून दे. आज. आत्ता. वरचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, पण तो महमूदचाच. ल्युबिशा ओरडत नव्हता, नुसता उभा होता. मेडिकल पास झालेलं, आता स्टेपनीची गरज नव्हती, आणि अधिकाऱ्यांसमोर तमाशा नको होता. अर्ध्या तासात कागदावर शिक्का बसला.

मग महमूद किट रूममध्ये आला. त्याने दार आतून लावून घेतलं.

“चूक झाली ना तुझी?” तो म्हणाला. त्याचा आवाज गोड होता, तेच वाईट. “बोल चूक झाली. अधिकाऱ्यांना मी तेच सांगितलंय. म्हातारा झालाय, नजर गेली. खलास.”

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती.

“चूक नाही,” इनायत म्हणाला. “मुद्दाम लावली.”

“काय?”

“डिसेंबरात तू माझी मान वापरलीस. मला न विचारता मला साक्षीला उभा केलास. मी एकोणीस वर्षं तुझ्या पोरांची घाण धुतली, महमूद, त्याचं काही नाही. पण तुझं खोटं धुणार नाही मी. यापुढे ज्याचं नाव काढायचं त्याला आधी सांगायचं, मग माझ्याकडे यायचं. नाहीतर मी सांगेन. त्याच दिवशी. तोंडावर.”

महमूदने त्याच्याकडे असं बघितलं जसं इस्त्रीच बोलायला लागली असावी. “शुक्रवारची मॅच होऊ दे,” तो म्हणाला. “मग बघतो तुझ्याकडे.”

“बघ.”

महमूद दार आपटून गेला. इनायत स्टुलावर बसला आणि त्याला एकदम हलकं वाटायला लागलं. नोकरी जाईल तर जाईल. घरी जाऊन मुनीराला सांगायचं, जीभ हलवली गं. अलिनाला सांगायचं, तुझा बाप घाबरट नाही. त्याने शेगडी लावली. ल्युबिशा आला की आज कॉफी आपण करायची, असं त्याने ठरवलं. पाणी उकळायला ठेवलं.

ल्युबिशा आला. हातात चिठ्ठी, अंगात अजून तीच जर्सी, वाळलेल्या घामाने कडक झालेली. त्याने इनायतकडे बघून मान डोलवली आणि उभ्याउभ्याच फोन लावला. गावच्या अध्यक्षाला. त्यांच्या भाषेतलं इनायतला काही कळत नव्हतं, पण पहिली दोन वाक्यं ल्युबिशा भराभर बोलला, चिठ्ठी फडकवत, जणू ती फोनमधून दिसणार होती. मग थांबला. मग ऐकत राहिला. बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी एकच शब्द बोलला आणि फोन बंद केला.

पाणी उकळून शेगडीवर उतू जायला लागलं. इनायतने घाईने बंद केली.

“काय म्हणाले?”

“त्यांनी काल रात्री दुसरा स्टॉपर घेतला,” ल्युबिशा म्हणाला. “शेजारच्या गावचा. चांगला पोरगा आहे, मी ओळखतो त्याच्या भावाला.”

“पण... जागा राखून ठेवली होती ना?”

“हो. कालपर्यंत. काल मीच फोन करून सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका, माझं इथे पक्कं आहे. त्यांना अडकवून ठेवणं बरं नाही वाटलं.” तो बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला. मग दुसरा हातातच धरून त्याने वर बघितलं. “मायस्तोर, ही जर्सी तू कधी छापलीस?”

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. महमूदने ऐन वेळी सांगितलं, असं म्हणता आलं असतं. ल्युबिशाने विश्वास ठेवला असता. त्याला ठेवायचाच होता, म्हणून तर तो विचारत होता. दारापाशी रंगनाथ येऊन उभा राहिला होता. त्याने इनायतकडे बघून ‘नको’ अशी मान हलकेच हलवली.

“सोमवारी,” इनायत म्हणाला.

ल्युबिशाने बुटातली माती टाचेवर ठोकून काढली. खाली पडलेली माती हाताने गोळा करून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याने शिवी दिली असती, त्या बुटाने हाणलं असतं, तर इनायत पायाला हात लावून मोकळा झाला असता. काहीतरी बोल रे बाबा, असं त्याचा जीव आतून ओरडत होता.

“तेरा क्लब,” ल्युबिशा म्हणाला. आवाजात राग नव्हता, फार थकवा होता. “प्रत्येक ठिकाणी मॅनेजर खोटं बोलला. त्याची मला सवय आहे. किट रूमवाला कधी खोटं बोलला नव्हता.”

“मी आज लावली ना ती खुंटीला! माझी नोकरी...” इनायतचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. आपलं आपल्यालाच ते किती घाणेरडं ऐकू आलं.

ल्युबिशाने जर्सी डोक्यावरून काढली. उघड्या अंगाने, गुडघ्यावरची जुनी शिवण दिसत असलेला तो माणूस इनायतला क्षणभर गावातल्या त्या म्हाताऱ्या बापाच्या वयाचा वाटला. त्याने जर्सी नाव वर करून टेबलावर ठेवली.

“धुऊन ठेव,” तो म्हणाला. “शुक्रवारी त्या पोराला लागेल.”

आपला टी-शर्ट घालून, दोन्ही बूट एका हातात धरून तो बाहेर गेला. रंगनाथ बाजूला झाला. इनायत तिथेच उभा राहिला. मग त्याने जर्सी उचलली आणि मशीनमध्ये टाकली.